लाइफटाइम प्लॅटिनम: रात्री भरल्या, वर्षं भरत नाहीत. उरलेली खिशातून भरावीत का?

सातपूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज कामाचं विचारायचंय.

मी मशीन टूल्सच्या सर्व्हिसमध्ये आहे. ऑफिस नाशिकच्या सातपूरला, पण काम चाकण, साणंद, होसूर, श्रीपेरुंबुदूर, जिथे मशीन बसेल तिथे. सोमवारी पहाटे घर सोडायचं, शुक्रवारी रात्री परत. कंपनीचा मॅरियट या हॉटेल साखळीशी पहिल्यापासून कॉर्पोरेट रेट, त्यामुळे मुक्काम बहुतेक त्यांच्या फेअरफील्ड नाहीतर कोर्टयार्डमध्ये. बॉनव्हॉयचा (मॅरियटचा मेंबरशिप कार्यक्रम) नंबर मी पहिल्या दिवसापासून न चुकता देत आलोय.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: बॉनव्हॉयमध्ये एका वर्षात १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटॅनियम. हे सगळं वर्षापुरतं. पुढे नाही राहिलात तर पाटी कोरी. पण आयुष्यभराचा हिशेब वेगळा चालतो. २५० रात्री आणि ५ वर्षं सिल्व्हर (किंवा वरचं) झालं की लाइफटाइम सिल्व्हर. ४०० रात्री आणि ७ वर्षं गोल्ड असेल तर लाइफटाइम गोल्ड. ६०० रात्री आणि १० वर्षं प्लॅटिनम असेल तर लाइफटाइम प्लॅटिनम. मग घरी बसलात तरी दर्जा जात नाही.

माझ्या रात्री ६०० च्या पुढे गेल्यात. घोडं अडलंय वर्षांवर. प्लॅटिनमची दोन वर्षं कमी पडतात. सुरुवातीला वर्षाला तीस-चाळीस रात्री व्हायच्या, तेव्हा गोल्डच्या पुढे गेलोच नाही. आता प्लॅटिनम सवयीचं झालंय, तर कंपनीनं हात आखडलाय. निम्मं कमिशनिंग (मशीन सुरू करून देणं) व्हिडिओ कॉलवर, आणि हॉटेलं नव्या बुकिंग पोर्टलवरून. यंदा ५० होत नाहीत, पुढच्या वर्षी त्याहून कमी होतील.

उरलेल्या रात्री स्वतःच्या पैशानं भराव्यात का? एवढं झाल्यावर दोन वर्षांसाठी सोडून द्यायचं जिवावर येतंय.

गोदाकाठचा_बाबू

म्हणजे नाशिकमध्ये स्वतःचं घर असताना नाशिकच्याच हॉटेलात जाऊन झोपायचं, का तर पुढे हॉटेलात झोपायला बरं पडावं म्हणून? राव, तेवढ्या पैशात घराला एसी बसवा.

द्राक्षबाग

बाबू, तू गप. याला मॅट्रेस रन म्हणतात आणि जगभर शहाणीसुरती माणसं करतात. (शहाणीसुरती हा शब्द मागे घ्यायला तयार आहे.)

सातपूरकर, तुम्ही नशीबवान आहात की तुमचं खातं मॅरियटमध्ये आहे. मी पिंपळगावचा, द्राक्ष एक्स्पोर्टमध्ये. फेब्रुवारीत बर्लिनला फ्रूट लॉजिस्टिका, मग रॉटरडॅम, आणि सीझनमध्ये माल कुठे अडकला की जावं लागतं ते वेगळंच. माझं सगळं हिल्टनमध्ये. तिथे लाइफटाइम डायमंडला (डायमंड म्हणजे तिथला वरचा दर्जा) १० वर्षं डायमंड पाहिजे, आणि त्यासोबत १,००० रात्री किंवा २० लाख बेस पॉइंट (बोनस सोडून खर्चावर मिळणारे). डॉलरला १० बेस पॉइंट, म्हणजे दोन लाख डॉलरचा खर्च. हयातमध्ये वर्षांची अटच नाही, सरळ १० लाख बेस पॉइंट झाले की लाइफटाइम ग्लोबलिस्ट, म्हणजे त्यांचा वरचा दर्जा. पण तिथे डॉलरला ५ पॉइंट, म्हणजे फिरून दोन लाख डॉलरच.

आता रुपयात बघा. दोन लाख डॉलर म्हणजे पावणेदोन कोटींच्या घरात. आपल्याकडे पाच हजाराच्या खोलीत राहणाऱ्याला तेवढा खर्च गाठायला साडेतीन हजार रात्री लागतील. हे नियम युरोप-अमेरिकेचे खोलीभाडे डोळ्यासमोर ठेवून केलेत. मॅरियट लाइफटाइमसाठी पैसे मोजत नाही, रात्री मोजतं. आपल्याकडच्या फेअरफील्डची रात्र आणि पॅरिसच्या पंचतारांकितातली रात्र, मीटरवर दोन्ही एकच. भारतात स्वस्त खोल्यांत फिरणाऱ्या नोकरदाराला याच्याइतकी फायद्याची अट दुसरीकडे नाही. म्हणून म्हणतो, सोडू नका.

हिशेबनीस

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला सीएची प्रॅक्टिस आहे, त्यामुळे आकडे न मांडता राहवत नाही.

एचडीएफसीचं बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड घेतलं तर वर्षाला १० एलिट नाइट (दर्जासाठी मोजल्या जाणाऱ्या रात्री) तशाच जमा होतात. फी ३,००० अधिक कर. उरल्या ४०. समजा कंपनीकडून एकही रात्र मिळाली नाही. रात्रीला ५,००० धरा. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, म्हणजे ५,२५०. चाळीस रात्रींचे २,१०,०००. दोन वर्षांचे ४,२०,०००.

आता जमेची बाजू. निवृत्तीनंतर वर्षाकाठी बारा रात्री हॉटेलात राहाल असं धरू. दोघांच्या नाश्त्याचे रोज १,५०० वाचले तर वर्षाला १८,०००. चार लाख वीस हजार वसूल व्हायला तेवीस वर्षं. तोवर नाश्त्याला चालतं काय आणि चालत नाही काय, हे डॉक्टर ठरवतील.

आणि एक मुद्दा कुणी काढलाच नाही. सातपूरकर, प्लॅटिनमची वर्षं गोल्डमध्ये धरली जातात. तुम्हीच सांगितलेल्या नियमानं तुम्ही लाइफटाइम गोल्ड आधीच असायला हवं. तेव्हा तुलना "काहीच नाही" आणि "प्लॅटिनम" यांच्यात नाही, गोल्ड आणि प्लॅटिनममध्ये आहे. चार लाख त्या फरकाचे आहेत.

सातपूरकर

बरोबर. ॲपमध्ये पाहिलं, लाइफटाइम गोल्ड लागलेलं आहे. प्लॅटिनमच्या नादात तिकडे लक्षच देत नव्हतो.

पण गोल्डला मिळतं काय? दुपारी २ पर्यंत चेकआउट, तोही जमला तर. २५ टक्के जास्त पॉइंट. खोली जरा बरी, शिल्लक असेल तर. नाश्ता नाही, लाउंज नाही. प्लॅटिनमला ४ पर्यंत चेकआउट, ५० टक्के जास्त पॉइंट, लाउंज असेल तिथे लाउंज, आणि कधी स्वीट. फरक नाही असं कसं म्हणता?

अंगणातला_चाफा

फरक आहे, पण तो कधी कळतो ते मी सांगते. माझे यजमान औषध कंपनीत होते, आता निवृत्त. त्यांना लाइफटाइम प्लॅटिनम मिळून बराच काळ झाला, तोही सगळा कंपनीच्या खर्चानं.

नोकरीत असताना ह्या माणसानं एकदाही चार वाजता चेकआउट केलं नाही. सकाळी साडेसातला गाडी यायची. लाउंज संध्याकाळी, तेव्हा हे स्टॉकिस्टकडे. स्वीट मिळालं तरी त्यात लॅपटॉप उघडून बसायचे. तो थाट उपभोगायला वेळ मिळाला तो घरी बसल्यावर, आणि तेव्हा आम्ही वर्षातून दोन-तीनदाच बाहेर पडतो.

तरी एक सांगते, उशिरा चेकआउट हेच त्यातलं सोनं. चेन्नईला भाचीचं लग्न होतं, मुहूर्त सकाळचा, विमान रात्रीचं. लग्नाहून आल्यावर पैठणी उतरवून अंघोळ करून तासभर आडवं होता आलं. बाकीचे पाहुणे लॉबीत बॅगांवर बसलेले. त्या दिवशी माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या की ह्याच्या नोकरीचा काहीतरी उपयोग झाला.

लाउंजला मात्र तुम्ही आणि सोबत एक, एवढंच. सासूबाई आल्या की आमच्यातला एक जण खाली राहतो. कोण राहतो ते विचारू नका.

नाइटऑडिट

नाशिकमधल्याच एका साखळी हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. कुठल्या ते विचारू नये, उत्तर देणार नाही. काउंटरच्या आतून कसं दिसतं तेवढं सांगतो.

सकाळी दिवसाची अरायव्हल लिस्ट निघते. नावापुढे टियर (दर्जा), बुकिंग कुठून आलं, किती रात्री. मंगळवार-बुधवारी आमच्याकडे अंबड, सातपूर, सिन्नरला येणारे कंपनीवाले. त्या दिवशी लिस्टमध्ये निम्मी नावं गोल्ड-प्लॅटिनमच असतात. सगळेच मानाचे म्हटल्यावर मान कुणाला देणार? स्वीट मोजके, त्यातला एखादा बंद. मग ड्यूटी मॅनेजर बघतो: कोण जास्त रात्री राहणार, कोण नेहमी येतो, कोण मागच्या वेळी नाराज होऊन गेला. शनिवारी चित्र उलटं. मुंबईची मंडळी वायनऱ्यांसाठी येतात, जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीच्या दिवसांत तर विचारू नका. स्वीट आधीच विकलेला असतो. विकलेली खोली अपग्रेडला देत नाहीत, मग तुम्ही लाइफटाइम असा नाहीतर आणखी काही.

आणि लाइफटाइम प्लॅटिनम व एका वर्षाचा प्लॅटिनम यांच्यात आमच्या काउंटरवर काहीही फरक नाही. फायदे अगदी तेच. उलट लाइफटाइमवाल्यानं त्या वर्षी ५० रात्री केल्या नाहीत तर ५० रात्रींवर जी निवड मिळते (पाच अपग्रेड नाइट किंवा पाच जादा एलिट नाइट वगैरे) ती त्याला नाही. हे पुष्कळांना आमच्या काउंटरवरच कळतं आणि ते आमच्यावरच चिडतात.

मॅट्रेस रनबद्दल: बुक करून आलात नाहीत तर नो-शो. पैसे कापले जातील, रात्र मिळणार नाही. भावाला पाठवून चालत नाही, ओळखपत्र तुमचं लागतं. चावी घेऊन गेल्यावर तुम्ही घरी जाऊन झोपलात तर आम्ही काही चादर चुरगळलीय का बघायला येत नाही. हाउसकीपिंगवाला मात्र दुसऱ्या दिवशी सांगतो, "३१२ वाल्यानं टॉवेलला हात लावला नाही." त्याची तेवढीच एक खोली कमी.

गोदाकाठचा_बाबू

म्हणजे सातपूरकरांनी चार लाख घालवायचे ते हाउसकीपिंगच्या पोराला विश्रांती मिळावी म्हणून. पुण्यकर्म आहे. पुढच्या वर्षी सिंहस्थ आहेच, त्यात धरा.

नाइटऑडिट

सिंहस्थाचं नाव काढलंत म्हणून: २०२७ मध्ये पर्वणीच्या आसपास नाशिकमध्ये रात्री भरायचा बेत आखू नका. तेव्हाचे दर तुम्हाला परवडणार नाहीत आणि कदाचित खोलीच मिळणार नाही.

नाशिकरोडकर

एक वेगळी बाजू. सगळे हिशेब आजचा नियम उद्याही राहील असं धरून चाललेत.

मी एसपीजीचा, म्हणजे स्टारवुड हॉटेलांच्या कार्यक्रमाचा जुना मेंबर. स्टारवुडमध्ये लाइफटाइम प्लॅटिनम ५०० रात्री आणि १० वर्षांत मिळायचं. २०१६ ला मॅरियटनं स्टारवुड घेतलं, ऑगस्ट २०१८ ला कार्यक्रम एकत्र झाले, फेब्रुवारी २०१९ ला त्याला बॉनव्हॉय नाव मिळालं. त्या गडबडीत ज्यांच्या ७५० रात्री आणि १० वर्षं प्लॅटिनम २०१८ संपेपर्यंत झालं, त्यांना लाइफटाइम टायटॅनियम मिळालं. नंतर ते दार बंद. आज कुणी दोन हजार रात्री केल्या तरी लाइफटाइम टायटॅनियम मिळत नाही.

पण ज्यांना आधी मिळालं होतं त्यांचं काढून घेतलं नाही. एसपीजीचे लाइफटाइम प्लॅटिनम नव्यात प्लॅटिनमच राहिले. हयातनं २०१७ ला नवा कार्यक्रम आणला तेव्हा जुने लाइफटाइम डायमंड तिकडे लाइफटाइम ग्लोबलिस्ट झाले. तेव्हा मिळवून ठेवलेलं टिकतं आणि वाटेत असलेल्यांचे हाल होतात, असा आजवरचा अनुभव. सातपूरकर वाटेत आहेत. मी त्यांच्या जागी असतो तर फार रेंगाळलो नसतो.

हिशेबनीस

मुद्दा मान्य, पण त्याची किंमत चार लाख होत नाही.

ती दहा वर्षं सलग लागत नाहीत. मध्ये खंड पडला तरी आधीची वर्षं आणि रात्री जमा राहतात. मग कोरं वर्षच्या वर्ष विकत घेण्याची घाई कशाला? ज्या वर्षी कंपनीच्या कृपेनं पंचवीस-तीस रात्री होतील, त्या वर्षी कार्डाच्या १० धरून वरच्या दहा-पंधरा भरा. पन्नास-ऐंशी हजारांत वर्ष पदरात. एखादा मोठा प्रोजेक्ट आला तर तेही नाही.

द्राक्षबाग

आणि पैसेच कशाला? सातपूरकर, इतक्या वर्षांचे पॉइंट कुठे आहेत? पॉइंटवर घेतलेली रात्रही एलिट नाइटमध्ये धरतात. पाच रात्री सलग पॉइंटवर घेतल्या तर पाचवीचे पॉइंट लागत नाहीत, पण रात्र पाचही मोजतात. कंपनीच्या पैशानं मिळालेले पॉइंट, त्यातूनच उरलेल्या रात्री.

सातपूरकर

पॉइंट लाखांत आहेत. मुलीच्या शिक्षणानंतर युरोपला जाऊ म्हणून साठवलेत. वर्षं झाली, युरोप जागचं हललेलं नाही आणि आम्हीही.

अंगणातला_चाफा

साठवू नका हो. तेवढ्याच खोलीला पूर्वी लागायचे त्याहून जास्त पॉइंट आता लागतात, हे आम्ही दरवर्षी बघतो. बँकेत व्याज तरी मिळतं.

आणि भरायच्याच असतील रात्री तर नाशिकच्या हॉटेलात एकटे जाऊन झोपू नका. महाबळेश्वरला ल मेरिडियन आहे, पाच रात्री पॉइंटवर घ्या आणि बायकोला न्या. ज्या सोमवार ते शुक्रवारांतून हे स्टेटस आलं, ते तिनं एकटीनं घर सांभाळून काढलेत. तुमच्या खात्यात रात्री जमा झाल्या, तिच्या खात्यात काहीच नाही.

नाइटऑडिट

चाफाताई, +१. आमच्याकडे चाळीस रात्री एकटा राहणारा माणूस एकेचाळिसाव्या रात्री बायकोला घेऊन येतो, तेव्हा तिला दाखवत असतो की इथे सगळे मला नावानं ओळखतात. आम्हीही मग जरा जास्तच ओळखतो.

सातपूरकर, तुमचा खरा प्रश्न ते नवं पोर्टल आहे, त्याकडे बघा. बुकिंग साइटवरून आलेल्या खोलीला ना पॉइंट ना रात्र, तुम्ही काउंटरवर कितीही वेळा नंबर सांगा. लिस्टमध्ये बुकिंग कुठून आलं ते आम्हाला दिसतं. कॉर्पोरेट कोड लावून हॉटेलच्या सिस्टिममध्ये आलेलं असेल तर मिळतं. कंपनीचं पोर्टल कुठल्या प्रकारचं आहे ते ट्रॅव्हल डेस्कला विचारा. आणि चेकआउटच्या वेळी बिलाची प्रत घेत चला. रात्र जमा झाली नाही तर तीच दाखवावी लागते.

हिशेबनीस

बिल कंपनीच्या नावानं आणि जीएसटी नंबरसकट घ्या. तसं परराज्यातल्या हॉटेलवर तिथलाच राज्य जीएसटी लागतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्याची क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही, त्यात ५ टक्केवाल्या खोलीवर हॉटेललाही इनपुट क्रेडिट नाही. पण अकाउंट्सवाल्यांना ते समजावत बसू नका, बिल द्या नि सुटा.

सातपूरकर

सगळ्यांचे आभार. ट्रॅव्हल डेस्कवर विचारलं. पोर्टलमध्ये दोन याद्या आहेत. पहिली उघडते ती बुकिंग साइटची, कारण ती शे-दोनशेनं स्वस्त दिसते. कॉर्पोरेट कोडची यादी खाली स्क्रोल केल्यावर येते आणि तिथे मेंबर नंबरचा रकाना आहे. दोन्ही पॉलिसीत बसतात. ऑफिसात इतर कुणालाही हे माहीत नव्हतं, आज तिघांना दाखवलं.

अख्खं वर्ष विकत घेत नाही, हे नक्की. कार्डाला अर्ज केला. नोव्हेंबरअखेर आकडा कुठे येतो बघतो. दहा-बाराच्या आत कमी पडले तर पॉइंटवर भरीन, जास्त पडले तर यंदाचं वर्ष सोडलं. महाबळेश्वरचं घरी बोललो. "पाच दिवस? तुमचा फोन बंद असणार का?" एवढंच उत्तर आलंय.

नाशिकच्या कोर्टयार्डला डिसेंबरात पॉइंटचे दर कसे असतात, कुणी पाहिलेत का?

द्राक्षबाग

शेवटच्या आठवड्यात बघूच नका, डोळे पांढरे होतील.

नाइटऑडिट

पहिला पंधरवडा बघा, रविवारची रात्र. कंपनीवाले सोमवारी येतात आणि मुंबईकर रविवारी दुपारी जातात, मधली ती एक रात्र सगळ्यांकडेच रिकामी असते.